बंद, बटण आणि खांदा

कपड्यांच्या इतिहासाबद्दल आपण बोलतो तेव्हा बहुधा कापडाबद्दलच बोलतो. ढाक्याची मलमल, पैठणची जर, औरंगाबादचा हिमरू ही नावे आपल्याला पाठ असतात. ते कापड कुणी बेतले, कुणी शिवले आणि ते अंगावर कसे बसले, याची नोंद मात्र क्वचितच सापडते. विणकराच्या गावाचे तरी नाव इतिहासात राहिले. दर्ज्याच्या वाट्याला तेवढेही आले नाही.

याच दुर्लक्षातून एक समज रूढ झाला, की भारतात पूर्वी सगळे न शिवलेले वस्त्र नेसत आणि शिवलेला कपडा मुसलमानांबरोबर आला. मथुरेच्या संग्रहालयातला कनिष्काचा मस्तकहीन पुतळा या समजाला उत्तर देतो. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातल्या त्या राजाच्या अंगात गुडघ्याखाली जाणारा शिवलेला कोट आहे. अजिंठ्याच्या चित्रांतही बाह्यांचे अंगरखे घातलेली माणसे दिसतात. ‘अमरकोशा’त शिंप्यासाठी ‘तुन्नवाय’ आणि ‘सौचिक’ असे शब्द आहेत. आपल्या मराठी मुलखात तर संत नामदेव शिंपी होते आणि सुई-दोरा त्यांच्या भक्तीच्या भाषेत सहज आला. सुलतान आणि मोगल यांच्या काळात शिवलेल्या कपड्याचा प्रसार वाढला, प्रकार वाढले, ‘दर्जी’ हा फारसी शब्द रुळला, हे खरे. पण सुई येथे आधीपासून होती.

मोगल दरबारातला पुरुषाचा मुख्य पोशाख म्हणजे जामा. छातीवर एक पदर दुसऱ्यावर घ्यायचा, काखेखाली बंद बांधायचे आणि कमरेपासून खाली घेर सोडायचा, अशी त्याची रचना. आपल्याकडची बाराबंदी याच कुळातली. अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त बादशहाच्या कपड्यांबद्दल लिहिताना एक आश्चर्य नोंदवले आहे. बादशहाचे कपडे उंच माणसाने घातले काय आणि ठेंगण्याने घातले काय, सर्वांना शोभून दिसत, आणि याचे अनेकांना कोडे पडे. अबुल फजलने त्यात बादशहाचा प्रताप पाहिला. एखाद्या दर्ज्याला विचारले असते तर त्याने वेगळे उत्तर दिले असते. बंदांचा कपडा मुळातच समजूतदार असतो. अंग भरले तर गाठ थोडी सैल करावी, उतरले तर आवळावी. काखेत जोडलेला चौकोनी तुकडा, म्हणजे चौबगला, हात वर करायला जागा देतो. बाही सरळ आणि खांद्याचा काप साधा असल्यामुळे एकाचा कपडा दुसऱ्याला चालतो. येथे कपडा अंगावर बसवण्याचे निम्मे काम घालणारा स्वतःच करतो.

पण हे बंद कोणत्या बाजूला बांधायचे, यात समाजाची खूण होती. सर्वसाधारणपणे मुसलमान उजव्या काखेखाली बांधत, हिंदू डाव्या. जुन्या चित्रांतली माणसे ओळखताना अभ्यासक आजही या खुणेचा आधार घेतात. अबुल फजलनेच लिहून ठेवले आहे की ‘तकौचिया’ हा हिंदुस्थानी पद्धतीचा बिनअस्तराचा कोट पूर्वी डावीकडे बांधला जाई आणि त्याच्या घेराला चिरा असत. अकबराने घेर गोल करायला सांगितला आणि बंद उजवीकडे आणले. त्याला 7 गज 7 गिरह कापड लागे. याच बादशहाने जाम्याला ‘सर्वगाती’, म्हणजे सगळे गात्र झाकणारा, असे देशी नाव दिले. कपडा हिंदुस्थानी, गाठ मुसलमानी, नाव संस्कृत वळणाचे, अशी ही सरमिसळ बादशहाच्या कपडेखान्यातच झाली.

पुढचा बदल बटणाने घडवला. अब्दुल हलीम शरर यांनी ‘गुजिश्ता लखनौ’मध्ये या पोशाखांचा प्रवास सांगितला आहे. जामा, बालाबर, अंगरखा, चपकन, अचकन आणि अखेर शेरवानी असा तो क्रम आहे. शेरवानीच्या घडणीचे श्रेय हैदराबादकडे जाते. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी कोटाची कापणी येथल्या दर्ज्यांच्या हाताखाली आली आणि त्यांनी ती आपल्या अचकनीत मुरवून टाकली. गळा बंद झाला आणि छातीच्या मधोमध बटणांची सरळ ओळ आली. त्यासरशी उजव्या-डाव्या गाठीची खूण पुसली गेली. ज्या शेरवानीवर पुढे ‘मुसलमानी’ असा शिक्का बसला, तिच्याच घडणीत धर्माची जुनी खूण नाहीशी झाली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. हैदराबाद संस्थानात ती सर्वांची होती. 1901 ते 1912 आणि पुन्हा 1926 ते 1937 पंतप्रधान असलेले महाराजा किशनप्रसाद शेरवानीतच दिसतात. 1948 पर्यंत मराठवाडा याच संस्थानात होता. आमच्या हिमरूचेही त्या शेरवानीशी नाते जडले.

आणि इंग्रजी कोट तरी निव्वळ इंग्रजी कुठे होता? ऑक्टोबर 1666 मध्ये दुसऱ्या चार्ल्स राजाने फ्रेंच वळणाचा पोशाख टाकून लांब ‘वेस्ट’ घालायला सुरुवात केली. आजच्या कोट-वेस्टकोटाची वंशावळ तेथून सांगतात. जॉन एव्हलिन या समकालीनाने आपल्या रोजनिशीत त्या पोशाखाचे वळण इराणी असल्याचे नोंदवले आहे.

बटणाने आणखी एक गोष्ट केली. गाठ सैल करण्याचा घालणाऱ्याचा हक्क गेला आणि सगळी जबाबदारी दर्ज्यावर आली. बटणाचा कपडा एकाच माणसाचा असतो. म्हणून माप आले, कच्ची शिलाई आली, ट्रायल आली. यात खांदा सर्वांत अवघड. पोट आत-बाहेर करता येते, लांबी दुमडता येते. चुकलेला खांदा दुरुस्त करायचा म्हणजे बाही उसवून कोट जवळजवळ नव्याने बांधायचा. मुंढा मोठा ठेवला तर हात मोकळा राहील असे वाटते, पण घडते उलटे. मोठ्या मुंढ्याचा कोट हात उचलताच सगळाच वर चढतो. काखेशी नीट भिडलेला मुंढा हाताला मोकळे सोडतो आणि कोट जागेवर राहतो. कॉलर मानेपासून सुटू नये, बटण लावल्यावर पोटावर फुलीसारख्या सुरकुत्या पडू नयेत, बाही हाताच्या स्वाभाविक कलाने लोंबावी. जाणता दर्जी या सुरकुत्या हकीम नाडी वाचतो तशा वाचतो. एक खांदा उतरता असेल तर तेवढीच भर आतून घालतो आणि गिऱ्हाइकाला त्याबद्दल कधी बोलत नाही.

अंगावर नीट बसलेला कोट विसाव्या शतकात राजकारणातही बोलू लागला. 1921 मध्ये मदुराईत गांधीजींनी शिवलेला कपडा सोडून पंचा स्वीकारला. गरिबांशी एकरूप होण्याचा तो मार्ग होता. ज्यांच्या अंगावर शतकानुशतके धड कपडा येऊ दिला गेला नाही, त्यांच्या वतीने उभ्या राहिलेल्या डॉ. आंबेडकरांनी नीट बेतलेला सूट घातला आणि पुतळ्या-पुतळ्यांतून तो सन्मानाची खूण झाला. नेहरू आणि मौलाना आझाद अचकन-शेरवानीत वावरले. इंग्रजी सुटांसाठी प्रसिद्ध असलेले जिना पाकिस्तानच्या निर्मितीच्या काळात शेरवानीत दिसू लागले. एकच कपडा सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना राष्ट्रीय ठरला. दर्ज्याच्या कात्रीला मात्र फाळणी माहीत नव्हती.

तयार कपड्यांनी हे नाते बदलले. अमेरिकेच्या यादवी युद्धात, 1861 ते 1865 या काळात, लाखो गणवेश एकदम लागले आणि सैनिकांच्या मापांवरून ठरावीक आकार बसवण्याला जोर आला. छत्तीस, अडतीस, चाळीस हे आकडे आता आपण स्वतःचेच असल्यासारखे सांगतो. हाताने टाचलेल्या कॅनव्हासच्या जागी पुष्कळ ठिकाणी चिकटवलेले अस्तर आले. कपडा स्वस्त झाला, ज्यांना कधी कोट मिळाला नसता त्यांना तो मिळाला. हा लाभ लहान नाही. पण उतरत्या खांद्याकडे बघणारा डोळा त्या व्यवहारातून वजा झाला.

आज लग्नाच्या हंगामात शेरवानी भाड्याने मिळते. ती घालून घोड्यावर बसणारा नवरदेव कोणत्याही धर्माचा असतो आणि त्यात कुणाला काही वावगे वाटत नाही. तोच कपडा एरवी रस्त्यात दिसला, की काहींना त्यात परकेपणा दिसतो. अशा वेळी त्या कपड्याची उसवण करून बघावी. आत इराणी गळा, हिंदुस्थानी कळ्या, इंग्रजी बाही आणि दख्खनी हिमरू निघेल. हे सगळे एकत्र बसवणाऱ्या हाताचे नाव तेवढे कुठे लिहिलेले सापडणार नाही.