श्रवणविषयाचा शोध : नभोवाणी ते पॉडकास्ट

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे जाणारा सागरी मार्ग आरे-वारे येथून जातो. एका बाजूस समुद्र व दुसऱ्या बाजूस डोंगराची चढण, अशी ह्या पट्टीची रचना आहे. मध्यमलहरी खाऱ्या पाण्यावरून दूरवर पोहोचतात. एफएम लहरींस मात्र डोंगर आड येतात. अशा किनाऱ्यावर कोणता कार्यक्रम कानी पडावा, हे श्रोत्याच्या इच्छेइतकेच भूरचनेवरही अवलंबून राहते.

पॉडकास्ट हा शब्द २००४ साली प्रथम छापला गेला. ह्या माध्यमाने उपरोक्त बंधन पुष्कळसे शिथिल केले. इतिहास, विज्ञान, संस्कृती वा कथा ह्यांपैकी हवा तो भाग श्रोता हव्या त्या वेळी उतरवून घेऊ शकतो. परंतु ज्या विषयाची त्यास कल्पनाच नाही, तो त्याने शोधावा कसा? विपुलता हे ह्या प्रश्नाचे उत्तर नव्हे.

नभोवाणीने हा प्रश्न प्रथम कार्यक्रमाच्या क्रमाने सोडविला. मुंबई केंद्र १९२७ साली व पुणे केंद्र १९५३ साली सुरू झाले. एका कार्यक्रमासाठी थांबलेल्या श्रोत्याच्या कानी पुढचा, न निवडलेला कार्यक्रमही पडे. दुसरा मार्ग नियमिततेचा होय. ग. दि. माडगूळकर व सुधीर फडके ह्यांच्या 'गीतरामायणा'ची ५६ गीते पुणे केंद्राने १ एप्रिल १९५५ पासून साप्ताहिक क्रमाने प्रसारित केली.

तिसरा मार्ग अधिक महत्त्वाचा. १९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने तत्कालीन मुंबई राज्यातील पाच मराठीभाषक जिल्ह्यांत १५० गावी शेतकरी श्रोतृमंडळे स्थापण्यात आली. कॅनडातील अशाच उपक्रमाचा आदर्श त्यांपुढे होता. मंडळी एकत्र ऐकत, चर्चा करीत व आपल्या शंका केंद्राकडे पाठवीत; त्यांची उत्तरे पुढील कार्यक्रमांत मिळत. टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे पॉल न्यूराथ ह्यांनी ह्या प्रयोगाचे मूल्यमापन केले. केवळ रेडिओ असलेल्या गावांपेक्षा मंडळे असलेल्या गावांत ज्ञानाची वाढ पुष्कळच अधिक आढळली.

हा प्रयोग शेती व ग्रामविकासापुरता आणि अल्पकालीन होता. त्यावरून सर्व श्रवणाविषयी नियम बांधणे उचित ठरणार नाही. तथापि एक गोष्ट त्यातून स्पष्ट होते. रेडिओ दोन्ही प्रकारच्या गावांत होता. भेद होता तो सहश्रोत्यांचा. आज यंत्र श्रोत्याच्या पूर्वीच्या आवडीवरून पुढील भाग सुचविते, म्हणजे बहुधा परिचितच पुढे ठेविते. अपरिचित विषयाकडे नेण्याचे कार्य मात्र दुसऱ्या माणसाच्या शिफारशीने व प्रतिप्रश्नाने अधिक साधते. आरे-वाऱ्याच्या डोंगराने अडविलेली लहर आता अन्य मार्गाने पोहोचते. जिज्ञासेस वाट मात्र माणसांनीच करून द्यावी लागते.