जळालेल्या पिस्टनची बखर

इतिहासाची साधने म्हटली की ताम्रपट, शिलालेख आणि दफ्तरे एवढीच आपल्या डोळ्यांसमोर येतात. शर्यतीत जाम होऊन बंद पडलेल्या टू-स्ट्रोक इंजिनाचा पिस्टन हेही असेच एक साधन आहे, हे मी इतिहासाचा शिक्षक म्हणून जबाबदारीने सांगतो.

आमच्या गाणगापूर परिसरात हा विषय परका नाही. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत गुलबर्गा जिल्ह्याचा मोठा भाग हैदराबाद राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. पुढे 1961 मध्ये म्हैसूर शहरात आयडियल जावाचा कारखाना सुरू झाला. झेकोस्लोव्हाकियात जन्मलेली ही गाडी पुढे येझदी नावाने ओळखली जाऊ लागली. भीमा-अमरजेच्या संगमाकडे पौर्णिमेला निघालेल्या गाड्यांत तिच्या दोन सायलेन्सरांचा आवाज दुरूनही कळे. हीच गाडी मद्रासजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर शर्यतीतही धावली. 1983 साली एस्कॉर्ट्‌सची राजदूत 350 आली आणि टू-स्ट्रोकचा वेग सामान्य तरुणाच्या हाती आला.

या इंजिनाची रचना साधी. जोसेफ डे या इंग्रज तंत्रज्ञाने 1891 मध्ये पेटंट घेतलेल्या कल्पनेत क्रँककेसच पंपाचे काम करते. पुढच्या सुधारणेत पिस्टनच वरखाली होताना सिलिंडरमधील खिडक्या उघडतो आणि मिटतो. क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला स्फोट होतो. पूर्व जर्मनीतील एमझेड कारखान्याच्या वाल्टर काडेन यांनी सायलेन्सरच्या विशिष्ट आकाराने धुराच्या लाटा परत वळवून सिलिंडर भरण्याची विद्या सिद्ध केली. 1961 साली त्यांच्या 125 सीसी इंजिनाने 25 अश्वशक्ती गाठली. परंतु त्याच वर्षी 17 सप्टेंबरला स्वीडनमधील शर्यतीत अर्न्स्ट डेग्नरचे इंजिन बिघडले आणि हातातोंडाशी आलेले विश्वविजेतेपद निसटले. डेग्नर तेथूनच पश्चिमेकडे निसटला, सुझुकीत गेला आणि 1962 मध्ये 50 सीसी गटाचा विश्वविजेता झाला. टू-स्ट्रोकचे ते पहिले विश्वविजेतेपद.

आता प्रश्न असा, की बिघडलेले इंजिन उघडल्यावर नेमके काय वाचायचे? आमच्याकडच्या गॅरेजांतील जुने मिस्त्री मराठी, कानडी आणि दख्खनी एकत्र बोलतात. 'बिसी झालंय' एवढे म्हणून ते थांबत नाहीत. इंजिन तापले हा परिणाम झाला. कारण शोधायचे राहतेच.

पिस्टनच्या चार बाजूंना ओरखडे असतील तर थंड इंजिनाला एकदम पळवले. पिस्टन आधी फुगला, सिलिंडर मागे राहिला. धूर बाहेर पडतो त्या बाजूलाच खरवड असेल तर उष्णता वाढली, पेट्रोल कमी पडले किंवा पिस्टनला सिलिंडरात पुरेशी सैल जागा नव्हती. माथ्याची कड वाळूने झिजल्यासारखी खडबडीत दिसली तर अवेळी, धक्क्याने जळण्याचा संशय घ्यावा. माथ्यालाच भोक पडले असेल तर ठिणगीपूर्वीच मिश्रण पेटले असावे. सगळ्या खुणा एकमेकींशी ताडून पाहाव्यात. एकाच साक्षीदारावर विसंबून निकाल देऊ नये.

मग गुन्हेगार शोधायचा. क्रँकचे ऑईल सील फाटले की बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होते आणि इंजिन भाजते. म्हणून सर्व तोंडे बंद करून क्रँककेसमध्ये पाच-सहा पौंड दाब भरतात आणि साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहतात. कार्ब्युरेटरचे जेट, ठिणगीची वेळ, कनेक्टिंग रॉडची वरखाली होणारी ढिलाई हेही तपासावे लागते. बेअरिंग बदलल्यावर क्रँक डायल गेजवर चढवून मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत सरळ करतात. सिलिंडर बोअर करून त्या मापाचा पिस्टन घालतात, खिडक्यांच्या धारा किंचित मोडतात. नाहीतर रिंग अडकून तुटते. पहिले काही दिवस इंजिन सांभाळून चालवतात.

कारण न शोधता नवा पिस्टन घालणारा मिस्त्री मात्र पैसे घेऊन तोच अपघात परत करतो. भर वेगात इंजिन जाम झाले की मागचे चाक अडकते. क्लचवर बोट तयार नसेल तर स्वार जमिनीवर. येथे चुकीच्या निदानाची किंमत पैशात मोजता येत नाही.

म्हैसूरचा कारखाना 1996 मध्ये बंद पडला. 2012 पासून जागतिक रोड रेसिंगच्या मुख्य गटांत टू-स्ट्रोक राहिले नाही. 2018 मध्ये परत आलेल्या जावाचे इंजिन फोर-स्ट्रोक आहे. जुन्या गाड्या मात्र आपल्या भागात अजून आहेत. त्यांना वाचणारे डोळे कमी होत आहेत. हे ज्ञान कोणत्याही एका भाषेचे नाही, आणि ते शाळेच्या कपाटातही नाही. वाचकहो, आपल्या गावच्या म्हाताऱ्या मिस्त्रीजवळ एक दुपार बसा. पिस्टन हातात घ्या आणि त्याला विचारा, 'हे असे का झाले?' त्याचे उत्तर त्याच्याच शब्दांत, मराठीत असो वा कानडीत, वहीत उतरवून ठेवा. आपल्या सीमाभागाचा न लिहिलेला इतिहास तिथून लिहायला लागेल.