साप्ताहिक तोरा-पठण (बेने इस्राएल समाज)

साप्ताहिक तोरा-पठण ही ज्यू धर्मातील शब्बाथच्या प्रार्थनेतील परंपरा होय. कोकणातील मराठीभाषक बेने इस्राएल समाज ती पाळतो. तळोजा ज्या पनवेल तालुक्यात येते, त्या तालुक्यातील पनवेल शहरात या समाजाचे बेथ एल हे सिनेगॉग (स्थापना १८४९) आहे.

स्वरूप

तोरा म्हणजे मोशेचे पाच ग्रंथ. त्यांचे ५४ भाग (पाराशा) पाडलेले असून वर्षभरात ते क्रमाने वाचले जातात. सिमहात तोरा या सणास आवर्तन पूर्ण होऊन लगेच नव्याने प्रारंभ होतो.

कोकणातील परंपरा

तेल गाळणे हा बेने इस्राएलांचा पूर्वापार व्यवसाय होता. शनिवारी घाणा बंद ठेवत असल्याने त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. शब्बाथच्या आज्ञेत नोकरचाकर व बैल यांच्या विश्रांतीचाही समावेश आहे. १९व्या शतकाच्या उत्तरार्धात बायबलमधील कथांवर मराठी कीर्तने होऊ लागली. जोसेफ इझेकिएल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थनाग्रंथांची मराठी भाषांतरे केली. त्यामुळे हिब्रू न जाणणाऱ्यांनाही अर्थबोध सुलभ झाला.

व्यवहारातील उपयोजन

‘की तेत्से’ या एकाच पाराशेत परंपरेने ७४ आज्ञा मोजल्या जातात. त्यांपैकी तीन आजच्या व्यवहारास थेट लागू पडतात :

* मजुरी : रोजंदारी मजुराचे वेतन सूर्यास्तापूर्वी द्यावे. औद्योगिक वसाहतीतील कंत्राटी कामगाराच्या थकलेल्या वेतनाचा विचार याच आज्ञेच्या आधारे करता येतो.
* कठडा : घराच्या गच्चीस कठडा बांधावा. मध्ययुगीन भाष्यकार मायमोनिदीस यांनी ही आज्ञा विहिरी, खड्डे अशा जिवावर बेतणाऱ्या प्रत्येक गोष्टीस लावली. सुरक्षिततेची जबाबदारी मालकावर येते, ती या न्यायाने.
* वजन-मापे : खोटी मापे बाळगू नयेत. मिश्ना या ग्रंथात मापे नियमित पुसण्याचाही दंडक आहे. मापास चिकटून राहिलेला माल हा ग्राहकाचा तोटा मानला जातो. तेलविक्रेत्यांस हा नियम विशेष लागू होता.

सद्यस्थिती

पारंपरिक नियमानुसार तोरेच्या सार्वजनिक वाचनास दहा प्रौढ पुरुषांची उपस्थिती (मिनयान) आवश्यक असते. १९४८ नंतर समाजातील बहुसंख्य कुटुंबे इस्रायलला स्थलांतरित झाल्याने कोकणातील सिनेगॉगांत ही संख्या जमणे कठीण झाले आहे. घरी, एकट्याने केलेल्या अध्ययनास मात्र ही अट नाही. त्यामुळे जेथे वाचनसभा भरत नाही, तेथेही आठवड्याच्या पाराशेचा अभ्यास व तदनुसार आचरण चालू ठेवता येते.