कानातला फाया, कपाळावरचा बुक्का

लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. त्या गर्दीत पुरुषांसाठीच्या स्प्रेची बाटली शोधावी लागत नाही. हिरवट काच, त्यावर पानाचे चित्र आणि आत रानगवताचा, पाल्याचा, लाकडाचा वास. असा वास आणण्यासाठी परफ्यूमवाले ज्यांवर भरवसा ठेवतात त्यांपैकी दोन तेले आपल्याकडच्या मुळांची आहेत. व्हेटिव्हर हे वाळ्याच्या मुळांचे तेल आणि सिप्रिऑल हे नागरमोथ्याचे. ही दोन्ही मुळे काष्ठौषधीच्या दुकानात पुडीत बांधून मिळतात. दिवाळीच्या उटण्यासाठी घरोघरी ती आणली जातात आणि बाकीचे वर्षभर त्यांची आठवण कोणाला राहत नाही.

शेतकऱ्याला मात्र त्यातला एक वास फुकटात ठाऊक असतो. लव्हाळा हा नागरमोथ्याचा जवळचा भाऊबंद. औसा, निलंगा, लोहा, कंधार या पट्ट्यातल्या काळ्या रानात त्याने पिढ्यान्‌पिढ्या शेतकऱ्याला घाम फोडला आहे. नांगर फिरला की मातीबरोबर त्याच्या काळपट, केसाळ गाठी वर येतात. एखादी गाठ नखाने खरवडली की आत पांढरट गर दिसतो आणि वास येतो तो आधी ओल्या मातीचा, मग लाकडाचा आणि शेवटी किंचित कापराचा. महागड्या बाटलीवर ज्याला ‘वुडी’ म्हणतात, तो याच घराण्यातला वास.

पुरुषाने असा वास अंगावर घ्यावा ही कल्पना या भागात बाहेरून आलेली नाही. औशाच्या आग्नेयेला, शंभर किलोमीटरच्या आत, आजच्या बिदर जिल्ह्यात बसवकल्याण आहे. उत्तरकालीन चालुक्यांची राजधानी कल्याणी ती हीच. तिथल्या तिसऱ्या सोमेश्वराने इसवी सन 1130च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ सिद्ध केला. ‘अभिलषितार्थचिंतामणी’ हे त्याचे दुसरे नाव. पाच विंशती आणि शंभर अध्याय असलेल्या या ग्रंथात राज्य कसे मिळवावे आणि कसे टिकवावे हे आहे, तसे राजाने काय उपभोगावे हेही आहे. घर, स्नान, तांबूल, वस्त्रे, माळा यांच्या बरोबरीने विलेपन, म्हणजे अंगाला लावायचा सुगंधी लेप, हा तिथे स्वतंत्र विषय आहे. लेप ऋतू पाहून बदलायचा. उन्हाळ्यात चंदनासारखी थंड द्रव्ये, थंडीत कस्तुरी-केशरासारखी उष्ण. म्हणजे निवड हवामानावर होती. आजच्या दुकानात सुगंधाची फळी स्त्री-पुरुष अशी विभागलेली असते. सोमेश्वराच्या दरबारात ती चैत्र-पौष अशी विभागलेली होती, आणि मराठवाड्याच्या उन्हाला तीच वाटणी जास्त शहाणपणाची वाटते.

त्याआधी सहाशे वर्षे वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त गंधयुक्तीवर एक अध्याय लिहिला. त्यात सोळा द्रव्ये घेऊन त्यांतली चार-चार निवडली तर 1820 जुळण्या होतात हा हिशेब त्याने मांडला आहे. त्या सोळांत नागरमोथा, वाळा, दवणा, अगरू, तगर, धणे, कापूर आणि चंदन आहेत. हिरवा, पाल्याचा आणि लाकडाचा, असे तिन्ही वास या यादीत आहेत.

मराठी वाचकाला अभिमान वाटावा अशी गोष्ट यापुढची आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे यांनी 1940च्या दशकात सुगंधविद्येच्या हस्तलिखितांवर एकामागून एक लेख लिहिले. मंदिराच्या संग्रहातल्या एका दुर्मीळ हस्तलिखितात त्यांना दोन ग्रंथ मिळाले. एक गंगाधर नावाच्या पंडिताचा ‘गंधसार’. दुसरा ‘गंधवाद’, ज्याच्या कर्त्याचे नाव लागत नाही. या ‘गंधवादा’ला मराठी टीका जोडलेली आहे! गोड्यांनी तिचा काळ साधारण 1350 ते 1550 असा धरला. म्हणजे बहमनी राज्य चढत आणि उतरत होते त्या दोनशे वर्षांत कोणीतरी अत्तर-उटण्यांचे शास्त्र मराठीत समजावून सांगत होते. हे शास्त्र केवळ राजवाड्यातल्या पंडितापुरते असते तर संस्कृतात भागले असते. मराठी टीका लिहिली गेली याचा अर्थ ती वाचून कोणी खल हातात घेणार होते.

‘गंधसारा’त सुगंध तयार करण्याच्या सहा क्रिया सांगितल्या आहेत: भावना, पाचन, बोध, वेध, धूपन आणि वासन. भावना म्हणजे चूर्णाला सुगंधी पाण्याची पुटे देणे. आयुर्वेदिक औषधे करणारे वैद्य आजही हाच शब्द वापरतात. वासन म्हणजे ताज्या फुलांच्या सहवासात द्रव्य ठेवून त्याला वास लावणे. द्रव्यांचे वर्गही असेच नेटके आहेत: पाने, फुले, फळे, साल, लाकूड, मुळे, डिंक आणि प्राणिज पदार्थ. दवणा आणि मरवा पानांत, चंदन आणि अगरू लाकडांत, वाळा मुळांत. ज्याने ही मांडणी केली त्याचे नाक आणि डोके दोन्ही तल्लख होते.

औशाचा भुईकोट किल्ला याच बहमनी काळातला साक्षीदार आहे. आजूबाजूचे रान उंच आणि किल्ला सखलात, भोवती खंदक, त्यामुळे शत्रूला तो लांबून नजरेत भरत नाही. बहमनी सत्ता फुटली तेव्हा औसा, कंधार आणि उदगीर हे तिन्ही किल्ले बिदरच्या कासीम बरीदच्या ताब्यात होते. पुढे निजामशाहीने ते घेतले, 1636 साली मोगलांनी औसा जिंकले आणि अखेरीस ते हैदराबादच्या निजामाकडे गेले. झेंडे बदलत राहिले तरी दख्खनी दरबारांची सुगंधाची हौस कायम राहिली. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहासाठी (कारकीर्द 1580 ते 1627) फारसीत ‘इत्र-इ-नौरसशाही’ नावाचा खास सुगंधांवरचा ग्रंथ लिहिला गेला. महालातल्या खोल्या, कपडे आणि शरीर सुगंधी कसे करावे याचे ते शास्त्र. संस्कृत, मराठी आणि फारसी अशा तीन भाषांत ही विद्या या एवढ्याशा टापूभोवती नांदली.

मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. तालुक्याच्या गावातला माणूस कोर्टकचेरीसाठी, शिक्षणासाठी, सोयऱ्यांकडे हैदराबादला जाई आणि चारमिनारच्या आसपासच्या अत्तरगल्ल्यांतून कुपी घेऊन येई. अत्तर लावण्याची रीत सांगण्यासारखी आहे. अत्तरवाल्याच्या लाकडी पेटीत कप्प्याकप्प्यांत नक्षीच्या कुप्या असतात. तो बुचाची काचेची कांडी गिऱ्हाइकाच्या हाताच्या पाठीवर हलकेच फिरवतो. पसंत पडले की कापसाचा छोटा बोळा कुपीवर टेकवून, चिमटीत पिळून त्याचा फाया करतो आणि गिऱ्हाईक तो कानाच्या वरच्या पाळीच्या घडीत खोचते. तिथे अंगाची ऊब मिळत राहते आणि वास दिवसभर धिम्या गतीने सुटतो. टोपी असो, पटका असो की फेटा, फाया त्याच्या कडेखाली सुरक्षित राहतो. औसा-उदगीर भागातल्या जुन्या पिढीच्या हिंदू आणि मुसलमान पुरुषांची ही सामाईक सवय होती.

उन्हाळ्यात वाळा आणि थंडीत हिना हा अत्तरवाल्यांचा नेम. वाळ्याचा अर्क, ज्याला ते ‘रूह खस’ म्हणतात, खरोखरच हिरवा असतो. हा रंग पानाचा नाही, कारण वाळ्याचा वास मुळांत असतो आणि मुळे पिवळट तपकिरी. कनौजचे कारागीर ही मुळे तांब्याच्या डेगेत पाण्याबरोबर उकळतात, वाफ नळीतून भपक्यात नेऊन थंड करतात, आणि तांब्याशी आलेल्या संपर्काने तेल हिरवे होते. इतर बहुतेक अत्तरांत भपक्यात आधीपासून चंदनाचे तेल असते. फुलाचा किंवा पानाचा वास त्यात मुरतो. म्हणून जुन्या अत्तराला वरून कोणताही वास असो, तळाशी लाकूड लागतेच. कनौजच्या या अत्तराला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पण अस्सल चंदनतेल इतके महाग झाले आहे की स्वस्त कुप्यांत त्याच्या जागी लिक्विड पॅराफिन असते. अशा अत्तराला तळ नसतो आणि दुपारपर्यंत वास विरून जातो.

उरुसात चंदन वेगळ्या रूपाने येते. दर्ग्यावर चढवायच्या उगाळलेल्या चंदनाची मिरवणूक निघते, तिला लोक ‘संदल’ म्हणतात. उरुसाचा पहिला मानाचा दिवस बहुतेक ठिकाणी संदलचा असतो.

ज्याच्या खिशाला अत्तर परवडत नव्हते तो बिनवासाचा राहिला, असे मात्र नाही. त्याच्यासाठी बुक्का होता. गोपीचंदनाचा उभा टिळा आणि त्याखाली बुक्क्याचा काळा ठिपका ही वारकऱ्याची खूण. जुन्या पद्धतीचा बुक्का म्हणजे कोळशाची मऊ पूड आणि त्यात कुटून, वस्त्रगाळ करून मिसळलेल्या वनस्पती: चंदन, वाळा, नागरमोथा, कचोरा, दवणा, कापूर. वराहमिहिराच्या यादीतली बरीच नावे इथे भेटतात. राजाच्या विलेपनातली द्रव्ये शेतकऱ्याच्या कपाळावर आली आणि ती विठ्ठलाच्या पायांवरून आली. महाराष्ट्रातल्या सुगंधाच्या इतिहासातली सर्वांत मोठी घटना कोणती असे विचारले, तर बुक्क्याचेच नाव घ्यावे लागेल.

औशाचे यात विशेष नाते आहे. इथल्या नाथ संस्थानाची, वीरनाथ आणि मल्लिनाथ महाराजांच्या परंपरेची, पंढरपूरशी पिढ्यांची गाठ आहे. औसेकरांचे चक्रीभजन पंढरीत प्रसिद्ध आहे. गाता गाता आणि गिरक्या घेता घेता रंगणारे हे भजन. घामाने निथळणाऱ्या कपाळावरचा बुक्का अशा वेळी पसरतो आणि शेजारी उभ्या असणाऱ्यालाही वाळ्याचा, चंदनाचा वास येतो.

दवण्याचाही मान असाच. चैत्रात देवाला दवणा वाहण्याचा जुना विधी आहे आणि चैत्र पौर्णिमेला कोल्हापूरजवळच्या जोतिबाच्या यात्रेत भाविकांच्या हातात दवण्याच्या जुड्या असतात. पुण्याकडे सासवडच्या भागात त्याची थोडीफार शेती होते. राखाडी हिरवी पाने, थोडा कडसर आणि थोडा गोड वास. यात्रेहून परतणारे पुरुष त्याची काडी टोपीत किंवा सदऱ्याच्या खिशात खोचतात.

मग हा हिरवा, लाकडी वास ‘पुरुषांचा’ कधी ठरला? त्यासाठी पॅरिसकडे पाहावे लागते. 1882 मध्ये हूबिगां या पेढीसाठी पॉल पार्के याने ‘फुजेर रोयाल’ बनवले. त्यात कृत्रिम कुमारीन वापरून नेच्याच्या रानाची कल्पना बांधली होती. या धाटणीचे सुगंध पुढे दाढीच्या दुकानांत रुळले. 1957 मध्ये कार्व्हँने आणि 1959 मध्ये गेर्लँने ‘व्हेटिव्हर’ याच नावाचे पुरुषी सुगंध बाजारात आणले. तोवर वाळ्याची मुळे रियुनियन, जावा, हैती अशा दूरदूरच्या बेटांवर लावली जाऊ लागली होती. मराठवाड्यातल्या माठात वाळ्याची जुडी पडे, खिडकीला वाळ्याचा तट्टा लागे, त्यावर पाणी मारले की घरातल्या बायका-पोरांसह सगळ्यांना तोच वास मिळे. युरोपने त्यातला पुरुष तेवढा वेगळा काढला आणि ती वाटणी लेबलासकट आपल्याकडे परत आली. आपण ती डोळे झाकून मान्य करण्याचे कारण नाही.

गोड्यांनी उजेडात आणलेले ते ग्रंथ 1989 मध्ये वडोदऱ्याच्या प्राच्यविद्या मंदिराने ‘गंधवादा’वरच्या मराठी टीकेसह छापले. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाने ती टीका आजच्या मराठीत, वनस्पतींच्या चित्रांसह आणि आपल्या भागात चालणाऱ्या नावांसह पुन्हा छापावी. मराठी आणि वनस्पतिशास्त्र हे दोन विभाग एकत्र बसले तर काम होण्याजोगे आहे. आणि वाचकांनी येत्या आषाढीला पंढरपुरात बुक्क्याची पुडी घेताना एवढे तरी विचारावे, की यात वाळा आणि नागरमोथा घातला आहे का. गिऱ्हाईक विचारू लागले तर करणारा घालू लागेल.