वाशिष्ठीचा पूर: कारण कोणतं, जबाबदार कोण?

मंडळी, आज वाशिष्ठी नदीबद्दल बोलायचं आहे. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातले विजेचे मोठे वाद म्हटले की जैतापूर आणि एन्रॉन आठवतात. त्यातलं एन्रॉन या नदीच्या मुखाशी, अंजनवेलला. 1992 साली सामंजस्य करार, 1995 मध्ये सत्ताबदलानंतर रद्द, मग फेरवाटाघाटी, 1999 मध्ये वीज सुरू, 2001 मध्ये बंद. हे तुम्हाला पाठ आहे, त्यात वेळ घालवत नाही. मला नदीच्या वरच्या अंगाला जायचं आहे.

तिथे कोयना भेटते. कोयना मूळची पूर्वेकडे जाऊन कृष्णेला मिळणारी. तिला धरण बांधलं, पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पश्चिमेला आणलं, 1962 पासून पोफळीला वीज तयार होऊ लागली आणि वापरलेलं पाणी वाशिष्ठीत आलं. पुढे बछावत लवादाने या पाण्याला वर्षाला 67.5 टीएमसीची मर्यादा घातली. ना धूर, ना कोळसा. ज्याला आज आपण पर्यायी ऊर्जा म्हणतो, ती आपल्याकडे हे नाव रूढ होण्याआधीच नांदत होती. लोट्याच्या कारखान्यांनाही पाणी मिळालं. तक्रार करायला जागा नव्हती म्हणा ना!

मग 22 जुलै 2021 उजाडला. चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली. लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर हे 1864 सालचं ग्रंथालय. 2005 च्या पुरात त्याची पुस्तकं गेली होती, ती पुन्हा गेली. आणि पाणी ओसरायच्या आत वाद सुरू झाला. कोणी म्हणालं, कोयनेचं पाणी सोडलं म्हणून. कोणी म्हणालं, नदीत गाळ साचला म्हणून. कोणी भरतीकडे बोट दाखवलं. आणि कोणी म्हणालं, हा हवामान बदल आहे, याला कोण काय करणार?

या शेवटच्या वाक्यापाशी मला थांबायचं आहे. आपले नैयायिक कारणांचे दोन गट करतात. घडा व्हायला माती, कुंभार, चाक लागतं. ही असाधारण कारणं. काल, दिशा, अदृष्ट ही साधारण कारणं, म्हणजे प्रत्येकच कार्याची. आता जे प्रत्येक गोष्टीचं कारण आहे, ते सांगून हा घडा असा का झाला हे कळत नाही. हवामान बदलाला आपण अदृष्टाच्या पंगतीत नेऊन बसवलं. ते चूक आहे, कारण तो मोजता येतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल यांच्या चमूने 2017 साली दाखवलं की मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत प्रदेशावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना 1950 ते 2015 या काळात तिपटीने वाढल्या. अरबी समुद्र तापतोय, तिथून येणारं बाष्प कधी जास्त तर कधी कमी, त्याचा भरवसा राहिला नाही.

बरं, हे मान्य केलं तर काय होतं? धरण चालवणाऱ्याची जबाबदारी कमी होते का? मला तर उलट दिसतं. जुन्या पावसावर बसवलेलं पाणी सोडण्याचं वेळापत्रक नव्या पावसाला पुरणार नाही, हे आता त्याला ठाऊक आहे. ठाऊक असणाऱ्याकडे जाब जास्त मागायचा असतो. नदीच्या गाळाचंही तेच. पाऊस वाढणार असेल तर पात्र मोकळं ठेवण्याची निकड वाढते. चिपळूणकरांनी 2021 च्या डिसेंबरात उपोषणाला बसून नेमकं हेच मागितलं आणि त्यानंतर गाळ उपसायला सुरुवात झाली.

कोयनेचा दोष किती टक्के आणि पावसाचा किती, असा हिशेब मागणाऱ्यांशी माझं जमत नाही. सगळी कारणं एकत्र आली की कार्य घडतं. तिला सामग्री म्हणतात. एक वजा केलं तरी पूर टळला असता किंवा उतरला असता, एवढं पुरे.

पूररेषांचा वाद मात्र अजून धगधगतो आहे. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतल्या. रेषेच्या आत घर असलेल्याला बांधकामाची परवानगी अडते, जमिनीचा भाव पडतो. त्याचा राग समजतो. पण पाऊसच बदलत असेल तर शंभर वर्षं ही मोजायची कुठून कुठपर्यंत? यावर तुमचे प्रश्न ऐकायला मला आवडेल.