बॅरिस्टर बदरुद्दीन तय्यबजी आणि घरातली वही

औरंगाबादच्या दिल्ली दरवाजाजवळचं सलीम अली सरोवर सगळ्यांना माहीत आहे. मुघल काळात त्याला खिजरी तलाव म्हणत. रस्त्याच्या पलीकडे हिमायत बाग. माझे अब्बा वकील होते आणि कोर्टात जाण्याआधी रोज या बाजूला चालायला यायचे. कधीकधी आम्हा भावंडांनाही सोबत घ्यायचे. तलावाला ज्यांचं नाव आहे ते पक्षीतज्ज्ञ कोण, हे सांगता सांगता ते एकदा त्यांच्या खानदानावर आले आणि तिथून एका वकिलावर. सलीम अली हे तय्यबजी घराण्यातल्या मुलीचे चिरंजीव. आईवडील लहानपणीच गेले, मामा अमिरुद्दीन तय्यबजींनी त्यांना वाढवलं. याच घराण्यातले थोर बुजुर्ग म्हणजे बॅरिस्टर बदरुद्दीन तय्यबजी.

बदरुद्दीन यांचा जन्म १८४४ चा, मुंबईतला. वडील मुल्ला तय्यब अली खंभातहून आलेले सुलेमानी बोहरा व्यापारी. त्यांनी मुलांना एकामागून एक विलायतेला धाडलं. थोरले कमरुद्दीन सॉलिसिटर झाले. बदरुद्दीन यांना डोळ्यांच्या दुखण्यामुळे शिक्षण अर्धवट टाकून परत यावं लागलं, पण ते पुन्हा गेले आणि १८६७ साली बॅरिस्टर होऊन आले. मुंबई हायकोर्टातले ते पहिले हिंदी बॅरिस्टर. १८७४ साली अंजुमन-ए-इस्लामची स्थापना झाली, त्यात दोघे भाऊ होते. १८८७ साली मद्रासला काँग्रेसचं तिसरं अधिवेशन भरलं, तेव्हा अध्यक्ष बदरुद्दीन होते. काँग्रेसचे ते पहिले मुस्लिम अध्यक्ष. सर सय्यद अहमद खान यांच्याशी त्यांचे यावरून मतभेद झाले, पत्रव्यवहार झाला, पण त्यांनी जागा सोडली नाही.

मराठी माणसाने मात्र त्यांना आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवायला हवं. १८९७ साली टिळकांवर राजद्रोहाचा पहिला खटला भरला गेला. आधी जामीन नाकारला गेला होता. खटला सेशनकडे गेल्यावर टिळकांचे वकील दावर यांनी पुन्हा अर्ज केला, तो न्यायमूर्ती तय्यबजींसमोर आला आणि त्यांनी जामीन मंजूर केला. आरोपीला बचावाची तयारी करता आली पाहिजे, एवढी साधी गोष्ट. पण त्या काळात, त्या आरोपीसाठी, ती साधी राहिलेली नव्हती. पुढे १९०८ साली टिळकांवर पुन्हा खटला झाला तेव्हा जीनांनी जामीन मागितला. न्यायाधीशाच्या खुर्चीवर हेच दावर होते आणि त्यांनी तो नाकारला! अब्बा हा किस्सा सांगताना नेहमी चालायचे थांबायचे.

पण ही झाली कोर्टाची गोष्ट. मला जास्त ओढ आहे ती त्यांच्या घराची. तय्यबजी खानदानात 'अखबार' नावाच्या वह्या असत. घरातल्या कुणीही, पुरुषाने, बाईने, पोराने, त्यात लिहावं. कोण आलं, कुठे फिरायला गेलो, पाऊस कसा होता. भाषा बहुतेक उर्दू. खंभातहून गुजराती घेऊन आलेल्या या घराने उर्दू ठरवून आपलीशी केली होती. बदरुद्दीन यांना चांगली डझन-दीड डझन मुलं. एवढ्या मोठ्या घरात बाप म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला थोडं तरी यावं, याची सोय अशा वहीतही होत असणार.

सुटीत हे खानदान माथेरानला जाई. तेव्हा तिथे आगगाडी नव्हती. नेरळहून वर चढायचं ते घोड्यावर, पालखीत किंवा पायी. (छोटी गाडी आली १९०७ साली, आदमजी पीरभॉय या दुसऱ्या बोहरा घराण्याच्या पैशातून. बदरुद्दीन त्याआधीच, १९०६ च्या ऑगस्टमध्ये, लंडनला वारले.) डोंगरावर मोकळी हवा आणि तांबड्या मातीच्या वाटा. त्या वाटांवर या घरातल्या बायकामुलीही चालत, हे आज वाचताना कुणी दचकणार नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या शरीफ मुसलमान घरात मात्र बाई डोंगरावर हिंडते म्हणजे काय, याचा अंदाज करून बघा.

१९०३ साली मुंबईत मोहमेडन एज्युकेशनल कॉन्फरन्स भरली, तिच्या अध्यक्षपदावरून त्यांनी पडद्यावर टीका केली. कुराण जेवढं मागतं त्याहून कितीतरी जास्त कडक पडदा आपण लादून बसलो आहोत, असा त्यांचा मुद्दा होता. लोक भडकले. भाषणात बोलणं सोपं असतं, असं म्हणता आलं असतं, पण या माणसाने आपल्या मुलींना शिकवलं होतं आणि घराची दारं आधीच उघडली होती. वॉर्डन रोडवरचं त्यांचं सॉमरसेट हाऊस ज्या आवारात होतं, तिथे आज मुलींचं सोफिया कॉलेज आहे. हा योगायोगच, पण मला आवडतो.

याच खानदानातून पुढे सलीम अली आले. १९०८ साली छऱ्याच्या बंदुकीने एक पिवळ्या गळ्याची चिमणी मारून ती कुठली हे विचारायला निघालेला पोरगा. मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत पाठवलं. १९३१ मध्ये निजामाच्या हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी त्यांनी हाती घेतली. आपलं औरंगाबाद तेव्हा त्याच संस्थानात होतं.

अब्बा वारल्यानंतर त्यांच्या वकिली डायऱ्या मी चाळल्या. पानापानावर तारखा, पक्षकारांची नावं, 'पुढील तारीख'. बाजीला सकाळी बाहेर फिरायला नेतात म्हणून फुफी आणि इतर नातलग कुरकुरत, ते मला आठवतं. अब्बा कधी उत्तर द्यायचे नाहीत. एका पानावर तीन केसेसच्या खाली, कोपऱ्यात, उर्दूत बारीक अक्षरात लिहिलं होतं : बेटीला घेऊन हिमायत बागेत गेलो. पाऊस आला. दोघंही भिजलो.