बाबासाहेब हरले तो मतदारसंघ : मुंबई शहर उत्तर

“काजरोळकरांनी बाबासाहेबांना पाडलं” हे वाक्य आपल्या घराघरांत ऐकायला मिळतं. म्हातारी माणसं ते सांगतात, पोरं ऐकतात, आणि गोष्ट तिथेच संपते. कोणी म्हणतं काँग्रेसने पाडलं, कोणी म्हणतं कम्युनिस्टांनी पाडलं, कोणी म्हणतं आपलीच माणसं कमी पडली. पण तो मतदारसंघ कोणता होता, त्याची रचना कशी होती, मतं कशी मोजली गेली, हे विचारलं तर उत्तर मिळत नाही. आता तो मतदारसंघ नकाशावरही नाही. म्हणून विहाराच्या या स्मरणिकेत त्याची हकीकत आकड्यांनिशी मांडतो आहे.

सुरुवात मात्र मुंबईत होत नाही, आपल्या पुण्यातच होते. कसब्यातून नदी ओलांडून पुढे गेलं की येरवडा. तिथल्या तुरुंगात २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला. अस्पृश्यांना मिळालेले स्वतंत्र मतदारसंघ गेले आणि त्याऐवजी संयुक्त मतदारसंघात राखीव जागा आल्या. प्रांतिक कायदेमंडळांतल्या ७१ जागांच्या १४८ झाल्या. जागा दुपटीने वाढल्या हे खरं, पण त्या जागेवर कोण बसणार हे ठरवणाऱ्यांत आपली मतं थोडी आणि इतरांची फार, असा प्रकार झाला. करारात एक तोड होती. आधी फक्त अस्पृश्य मतदारांनी प्राथमिक निवडणुकीत चार नावं निवडायची, मग त्या चारांतून सगळ्यांनी मिळून एक. १९४५-४६ च्या निवडणुकीत पुष्कळ ठिकाणी असं झालं, की प्राथमिक फेरीत शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचा माणूस पुढे आणि शेवटच्या फेरीत तोच मागे. पुढे राज्यघटनेत ही प्राथमिक फेरीही राहिली नाही.

आता पहिल्या लोकसभेकडे येऊ. १९५१-५२ च्या त्या निवडणुकीत ४०१ मतदारसंघ आणि ४८९ जागा होत्या. हिशेब जुळत नाही असं वाटेल, पण ३१४ मतदारसंघ एका जागेचे, ८६ दोन जागांचे आणि एक, उत्तर बंगालचा, तीन जागांचा होता. ज्या भागात राखीव जागा द्यायची तिथे मतदारसंघ एकच ठेवायचा, पण खासदार दोन निवडायचे: एक सर्वसाधारण, एक राखीव. याला द्विसदस्य मतदारसंघ म्हणत. आपल्या पुण्यात तेव्हा ‘पुणे मध्य’ आणि ‘पुणे दक्षिण’ असे एकेका जागेचे दोन मतदारसंघ होते. मध्य मधून काकासाहेब गाडगीळ आणि दक्षिण मधून इंदिराबाई मायदेव निवडून आल्या. ती नावंही पुढे गेली.

मुंबई शहर उत्तर हा द्विसदस्य मतदारसंघ होता. मुंबई बेटाचा उत्तरेकडचा भाग, म्हणजे गिरण्या, चाळी, कामगार वस्ती आणि दादरसारखी पांढरपेशा वस्ती, सगळं त्यात आलं. बाबासाहेबांचं ‘राजगृह’ दादरलाच. दक्षिणेचा भाग ‘मुंबई शहर दक्षिण’ मध्ये होता, तिथून स. का. पाटील आले. उपनगरांचा मतदारसंघ वेगळा, तिथून जयश्री रायजी.

बाबासाहेबांनी २७ सप्टेंबर १९५१ रोजी मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला होता. हिंदू कोड बिल रखडलं हे त्याचं एक मोठं कारण. तब्येत बरी नव्हती, पायांचं दुखणं होतं, हातात दिवस थोडे होते. फेडरेशनने समाजवादी पक्षाशी समझोता केला. सर्वसाधारण जागेला समाजवाद्यांचे अशोक मेहता, राखीव जागेला बाबासाहेब. समोर काँग्रेसचे विठ्ठल बाळकृष्ण गांधी आणि नारायण सदोबा काजरोळकर. शिवाय गिरणगावात ज्यांचा शब्द चालायचा ते कम्युनिस्ट पुढारी कॉम्रेड श्रीपाद अमृत डांगे. डांगे आणि फेडरेशन यांचं तेव्हा अजिबात पटत नव्हतं.

मतदान कसं व्हायचं ते नीट समजून घ्यायला हवं, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही. आजच्यासारखं यंत्र नव्हतं, शिक्का मारायचाही नव्हता. प्रत्येक उमेदवाराची वेगळी मतपेटी, तिच्यावर त्याचं चिन्ह. काँग्रेसची बैलजोडी, फेडरेशनचा हत्ती, समाजवाद्यांचं झाड, कम्युनिस्टांचं विळा-कणीस. मतदाराला कोरी मतपत्रिका द्यायची, ती त्याने आत जाऊन हव्या त्या पेटीत टाकायची. अक्षरओळख नसलेल्या बायाबापड्यांनाही हे जमावं म्हणून ही सोय. द्विसदस्य मतदारसंघात प्रत्येकाला दोन मतं. ती दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नसत. दोन्ही एकाच पेटीत टाकली तर एक मोजायचं, दुसरं बाद.

१९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत मुंबई इलाख्यात याच्या उलट पद्धत होती. मतदार आपली सगळी मतं एकाच उमेदवाराला देऊ शके. त्या पद्धतीत थोडी पण एकजुटीची मतं असलेल्या समाजाला आपला माणूस आपल्या बळावर निवडून आणता येतो. १९३७ मध्ये बाबासाहेब मुंबईतून असेच निवडून आले आणि काँग्रेसतर्फे उभे असलेले प्रसिद्ध क्रिकेटपटू पाळवणकर बाळू हरले. पंधरा वर्षांनी शहर तेच, माणूस तोच, नियम मात्र बदललेला. बाबासाहेबांच्या पराभवाबद्दल बोलताना हा नियमातला बदल सहसा कोणी सांगत नाही. माझ्या मते तो सगळ्यात आधी सांगायला हवा.

जानेवारी १९५२ मध्ये निकाल लागला. गांधी १,४९,१३८. मेहता १,३९,७४१. काजरोळकर १,३८,१३७. बाबासाहेब १,२३,५७६. डांगे ९६,७५५. बाकीचे उमेदवार बरेच मागे होते. सर्वसाधारण जागा गांधींना गेली, राखीव जागा काजरोळकरांना. बाबासाहेब १४,५६१ मतांनी हरले.

आता या आकड्यांकडे जरा थांबून पाहा. मेहता आणि बाबासाहेब एकाच आघाडीचे. समझोता पूर्ण पाळला गेला असता तर दोघांच्या पेट्यांत जवळपास सारखी मतं निघायला हवी होती. पण मेहतांना बाबासाहेबांपेक्षा १६,१६५ मतं जास्त आहेत. आणि बाबासाहेब हरले १४,५६१ ने. म्हणजे मेहतांच्या पेटीत जेवढी मतं पडली तेवढीच हत्तीच्या पेटीत पडती, तर बाबासाहेब १,६०४ मतांनी निवडून येते. झाडाला मत देणाऱ्या हजारो हातांनी दुसरं मत हत्तीला दिलं नाही, असा याचा सरळ अर्थ निघतो. कोणी ते बैलजोडीला दिलं असेल, कोणी दिलंच नसेल. पेटी कोणाचं मत ते सांगत नाही.

काँग्रेसचंही काही वेगळं नव्हतं. गांधींपेक्षा काजरोळकरांना ११,००१ मतं कमी. म्हणजे काँग्रेसच्या पारंपरिक मतदारालाही सर्वसाधारण जागेच्या उमेदवाराला मत देताना जितकं सोपं वाटलं, तितकं राखीव जागेच्या उमेदवाराला देताना वाटलं नसावं. दोन्ही जोड्यांत गळती एकाच बाजूला आहे. फक्त काँग्रेसचा आधार मोठा होता म्हणून त्यांना ती सोसली.

राहिला कम्युनिस्टांचा प्रश्न. मेहता आणि बाबासाहेब या दोघांनी निवडणूक रद्द व्हावी म्हणून याचिका केली. त्यात ७४,३३३ मतपत्रिका बाद ठरल्याचं मांडलं होतं. बाबासाहेब ज्या फरकाने हरले त्याच्या पाचपटीहून हा आकडा मोठा आहे. डांगे यांच्या बाजूने ‘दुसरं मत कुजवा’ असा प्रचार झाला, म्हणजे दोन्ही पत्रिका डांग्यांच्याच पेटीत टाका, दुसऱ्या कोणाला देऊ नका, असा आरोप होता. याचिका पुढे फेटाळली गेली, निकाल कायम राहिला. आपल्याकडे मात्र ‘मत कुजवणे’ हा शब्द तेव्हापासून जो रुजला तो रुजलाच.

म्हणून “कम्युनिस्टांनी पाडलं” हे खोटं आहे असं मी म्हणणार नाही. पण तेवढंच म्हणून थांबलं की मित्रपक्षाची १६ हजारांची तूट झाकली जाते, आणि डांग्यांच्या नावाने बोटं मोडली की बाकीचे सगळे सुटतात.

त्याच निवडणुकीत दुसरं चित्रही होतं, आणि ते आपण पुणेकरांनी विसरू नये. पुण्याच्या पर्वती सत्याग्रहात, १९२९ साली, शिवराम जानबा कांबळे यांच्यासोबत पुढे असलेले पां. ना. राजभोज हे १९५२ मध्ये सोलापूरच्या द्विसदस्य मतदारसंघातून फेडरेशनतर्फे लोकसभेवर गेले. त्याच मतदारसंघाच्या सर्वसाधारण जागेवर शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे आले. दोन्ही जागा काँग्रेसच्या हातून गेल्या. कायदा तोच, पेट्या त्याच, पण इथे शेतकऱ्याचं मत आणि आपलं मत एका दिशेने गेलं. फेडरेशनचे त्या लोकसभेत दोनच खासदार होते, एक राजभोज आणि दुसरे हैदराबाद संस्थानच्या भागातले, करीमनगरचे एम. आर. कृष्णा.

बाबासाहेब मार्च १९५२ मध्ये मुंबई विधिमंडळातून राज्यसभेवर गेले. १९५४ च्या मे महिन्यात भंडाऱ्याला पोटनिवडणूक झाली, तोही दोन जागांचा मतदारसंघ. पुन्हा जोडीला अशोक मेहता. मेहता निवडून आले, राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर आले, आणि बाबासाहेब ८,३८१ मतांनी हरले. दुसरं मत कुजवलं तर साहेब नक्की येतील, असं काही कार्यकर्त्यांचं म्हणणं होतं आणि बाबासाहेबांनी त्याला साफ नकार दिला, असं त्या वेळचे कार्यकर्ते सांगत आले आहेत. मुंबईत ज्या गोष्टीविरुद्ध याचिका केली ती भंडाऱ्यात स्वतः कशी करणार? पुढे ऑगस्ट १९५५ मध्ये फेडरेशनच्या कार्यकारिणीने कायदेमंडळांतल्या राखीव जागाच रद्द कराव्यात असा ठराव केला. हा ठराव ऐकून आजही काही जण चमकतात. मुंबई आणि भंडारा लक्षात घेतले तर त्यात चमकण्यासारखं काही नाही. नोकरी आणि शिक्षणातल्या सवलतींचा हा प्रश्न नव्हता.

१९५७ च्या निवडणुकीत ‘मुंबई शहर उत्तर’ हे नाव उपनगरांकडे सरकलं आणि तिथून व्ही. के. कृष्ण मेनन आले. नाव तेच, जागा वेगळी. त्यामुळे पुष्कळांचा घोटाळा होतो आणि मेनन बाबासाहेबांच्या मतदारसंघातून आले असं लिहिलं जातं. कामगार वस्तीचा मोठा भाग ‘मुंबई शहर मध्य’ या नव्या द्विसदस्य मतदारसंघात गेला. तिथे जे झालं ते पाच वर्षांपूर्वी कोणाला सांगितलं असतं तर तो हसला असता. सर्वसाधारण जागेवर कॉम्रेड डांगे, राखीव जागेवर फेडरेशनचे गोपाळ काळूजी माने, आणि दोघेही संयुक्त महाराष्ट्र समितीचे! फेब्रुवारी १९५६ मध्ये पुण्यात समिती स्थापन झाली, फेडरेशन तिच्यात होतं. विळा-कणीस आणि हत्ती एका व्यासपीठावर आले. नाशिकहून दादासाहेब गायकवाड, कोपरगावहून बी. सी. कांबळे याच लाटेत लोकसभेत पोचले. बाबासाहेब ते पाहायला नव्हते. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचं महापरिनिर्वाण झालं होतं. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपूरला फेडरेशन विसर्जित होऊन रिपब्लिकन पक्ष उभा राहिला.

द्विसदस्य पद्धत मोडली ती मात्र आपल्या कोणाच्या तक्रारीमुळे नाही. १९५७ मध्ये आंध्रातल्या पार्वतीपुरम मतदारसंघात दोन्ही जागांवर आदिवासी उमेदवार निवडून आले आणि पुढे राष्ट्रपती झालेले व्ही. व्ही. गिरी हरले. गिरी सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. १९५९ मध्ये कोर्टाने सांगितलं, राखीव उमेदवाराला सर्वसाधारण जागाही जिंकता येते, निकाल बरोबर आहे. मग १९६१ मध्ये कायदा होऊन दोन जागांचे मतदारसंघ बंद झाले. राखीव जागेचा उमेदवार हरत होता तोवर पद्धत चालली, तो दोन्ही जागा जिंकू लागल्यावर ती अडचणीची झाली.

१९६२ मध्ये मुंबईच्या मध्य भागाचे पुन्हा दोन तुकडे झाले. मध्य उत्तर मधून काजरोळकर आणि मध्य दक्षिण मधून गांधी, हे १९५२ चे दोघेही परत लोकसभेत आले. १९६७ आणि १९७१ मध्ये मुंबई मध्य मधून रा. धों. भंडारे निवडून गेले. ते बाबासाहेबांच्या चळवळीतले, पण निवडून आले काँग्रेसच्या तिकिटावर. पुढे बिहारचे आणि आंध्रचे राज्यपाल झाले. यावरून आपल्या वस्त्यांत झालेले वाद ज्यांना आठवतात त्यांना ते पुन्हा सांगायला नकोत.

धर्मांतरानंतर आणखी एक गाठ पडली. बौद्ध म्हणून नोंद झाली की केंद्राच्या यादीप्रमाणे अनुसूचित जातीचा दाखला जायचा, आणि दाखला नाही तर राखीव जागेचा अर्जही नाही. ही गाठ १९९० साली सुटली. १९९८ च्या लोकसभेत मात्र रिपब्लिकन पुढारी चार ठिकाणांहून गेले: अकोल्यातून प्रकाश आंबेडकर, अमरावतीतून रा. सू. गवई, चिमूरमधून जोगेंद्र कवाडे आणि मुंबई उत्तर मध्य मधून रामदास आठवले. चारही जागा सर्वसाधारण, राखीव एकही नाही, आणि चारही काँग्रेसशी समझोता करून. आठवल्यांच्या त्या मतदारसंघात तेव्हा धारावीही होती. २००८ च्या फेररचनेत धारावी मुंबई दक्षिण मध्य मध्ये गेली, आणि १९५२ साली झाड, हत्ती, बैलजोडी आणि विळा-कणसाच्या पेट्या जिथे मांडल्या होत्या त्या वस्त्या आता निरनिराळ्या मतदारसंघांत वाटल्या गेल्या आहेत.